खिदिरच्या जाड तारा

सुदानमधल्या आमच्या वद मदनीत बास गिटार वाजवणारे तसे चार-पाच जण होते, पण तारांच्या जाडीवरून घरीदारी भांडणारा एकच, तो म्हणजे खिदिर. बाकीचे बाजारात मिळेल ती तार चढवायचे, तिचा आवाज बसला की उकळत्या पाण्यात घालून जिवंत करायचे आणि तेही जमेना झालं की दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. खिदिरचं तसं नव्हतं. तो आधी पाकिटावरचे आकडे वाचायचा, मग तार बाहेर काढून उजेडात धरायचा, मग तिच्या गुंडाळीवरून अंगठ्याचं नख ओढून कान लावायचा. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. सगळ्यात जाड तार एकशेपाचची असली तर ठीक, शंभरची निघाली की त्याचं तोंड कडू व्हायचं. त्याची बायको रौदा म्हणायची, "मला मागणी घालायला आला तेव्हा या माणसाने एकदाही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही. आणि तारा बघा कशा पारखतोय!"

सकाळी तो कालव्यांच्या कचेरीत कारकून होता आणि संध्याकाळी बाबिकिरचा माणूस होता. यातली कुठली नोकरी खरी, हे गल्लीत कोणालाही विचारावं.

बाबिकिर त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा, त्याच गल्लीतला. तरुणपणी त्याने होडीचं एक गाणं गायलं, ते रेडिओवर वाजलं आणि तेवढ्या एका गाण्यावर माणसाने जन्म काढला. लग्न कोणाचंही असो, बाबिकिर आला की होडीचं गाणं व्हायलाच हवं. त्यात कडव्याच्या शेवटी आवाज वर चढतो आणि तिथेच थांबून राहतो. त्या जागेला आम्ही मदनीकर चढण म्हणतो. चढण आली की पुरुष उठून पुढे जायचे, हात उंच करून त्याच्या डोक्यावर चुटक्या वाजवायचे, मागे बायकांची आनंदाची लू-लू आरोळी सुरू व्हायची आणि नवरा-नवरी बसल्या जागी विसरली जायची.

बाबिकिरची एक खोड होती. त्याला सूर लागायचा तो खिदिरच्या जाड तारेवरूनच. अकॉर्डियन वाजवणारा हसबू समोर बसलेला असायचा, तीन व्हायोलिनं असायची, पण बाबिकिर त्यांच्याकडे ढुंकून बघायचा नाही. डोळे मिटून तो मान किंचित खिदिरच्या दिशेला कलती करायचा. खिदिर जाड तार मोकळीच एकदा छेडायचा, आणि ती पोटात घुमली की बाबिकिर तोंड उघडायचा. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. हसबू म्हणायचा, "उस्तादांची नाळ बहुतेक तुझ्या गिटारलाच बांधलीय."

गाण्याची पट्टी पांढरी तीन. रेडिओवर तीच, लग्नात तीच.

मग एका हिवाळ्यात बाबिकिरला जबरदस्त सर्दी झाली. लग्न एका बड्या धान्य-व्यापाऱ्याच्या घरचं, नाही म्हणायची सोय नव्हती. बाबिकिर गाडीत बसून खोकत होता आणि इकडे मांडवामागे हसबू खिदिरच्या कानाशी लागला.

"आज चढण काही चढत नाही हा."

"मग काय करू?"

"तुझी तार एक पट्टी उतरव. मी काळी दोनवरून वाजवतो, व्हायोलिनवाल्यांना मी सांगतो. त्याला कशाला कळतंय! तो तुझ्या तारेवरून सूर घेणार."

खिदिरने खुंटी पिळली. बाबिकिरने डोळे मिटले, मान कलती केली, सूर घेतला, आणि त्या रात्री असा गायला की व्यापाऱ्याच्या म्हाताऱ्या आईने उठून स्वतः चुटक्या वाजवल्या. परतताना बाबिकिर भारी खुशीत होता. "सर्दीने काय होतंय रे? गळा मुळात पक्का हवा!" तो म्हणाला, आणि गाडीतले सगळे म्हणाले, खरंय उस्ताद.

आता इथे आमच्या गावाचा स्वभाव सांगायलाच हवा. तोंडावर कडू बोलणं आमच्याकडे मोठं पाप समजतात. आजाऱ्याला बघायला गेलो, तो शेवटचे श्वास घेत असला, तरी आम्ही म्हणणार, आज चेहऱ्यावर तेज दिसतंय. कालवणात मीठ खारट झालं तर आम्ही पाणी मागून पिऊ, पण यजमानणीला म्हणू, हात तुमचाच! ही आमची माणुसकी, आणि मला विचाराल तर आमचा भेकडपणाही. दोन्ही एकाच ताटात वाढलेली असतात.

सर्दी गेली, पण तार वर गेली नाही. पुढच्या लग्नात हसबूने खिदिरकडे पाहिलं, खिदिरने हसबूकडे, आणि कोणीच काही बोललं नाही. बाबिकिर सुखाने गायला. पुढल्या वर्षी धुळीची वादळं फार झाली, ताफ्यातल्या सगळ्यांचेच गळे बसले, म्हणून आणखी एक पट्टी उतरली. धूळ खाली बसली तरी पट्टी खालीच राहिली.

इथे तारांनी खोडा घातला. एकशेपाचची तार पांढरी तीनला ताठ उभी राहते. दोन पट्ट्या उतरवली की ती सैल पडते, जोरात छेडली की पडद्यांवर आपटते आणि खडखडते. एका साखरपुड्यात बाबिकिरने गाणं संपल्यावर मागे वळून विचारलं, "खिदिर, तुझी तार कशी भुंकतेय रे?"

"जुनी झालीय, उस्ताद."

"मग बदल ना. का माझ्या लग्नापासून तीच आहे?"

सगळे हसले, खिदिरही हसला. पण तार आणखी दोन-तीनदा भुंकली असती तर बाबिकिर जवळ आला असता, खुंट्यांकडे पाहिलं असतं, हसबूला वाजवायला लावलं असतं आणि भांडं फुटलं असतं. यावर उपाय एकच. तार जाड घेतली की ती खालच्या पट्टीलाही ताठ राहते, आपटत नाही, खडखडत नाही. मदनीत तसली तार मिळेना. खिदिरने जेद्दाला असलेल्या भाच्याला, अम्मारला फोन केला.

"मामा, एकशेवीसची?" अम्मार म्हणाला. "दुकानदार विचारतोय, मामा गिटारला लावणार की हत्तीला बांधणार?"

"तुझ्या सासऱ्याला बांधणार. आण म्हटलं की आणावी."

"पण मामा, एवढी जाड कशाला?"

"आवाज भारदस्त येतो," खिदिर म्हणाला.

तार आली, पण ती बसेना. गिटारच्या मानेच्या टोकाला हाडाचा एक छोटा तुकडा असतो, त्यातल्या खाचांतून तारा जातात. जुनी खाच नव्या तारेला अरुंद पडली. खिदिरने अंगणात बसून बारीक कानशीने ती रुंद केली. हाडाची पांढरी भुकटी त्याच्या पायघोळ जल्लाबियावर सांडत होती. एकदा खाच रुंद केली की बारीक तार पुन्हा तिथे नीट बसत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी त्याने घासली. मग मानेतला लोखंडी गज किल्लीने आवळला, चारही तारा चढवल्या, जाड तार पांढरी दोनला लावली आणि छेडली. ती भुंकली नाही. बोटालाही अगदी पूर्वीसारखी ताठ लागली. हीच त्या जाड तारेची खरी लबाडी होती. थोड्या दिवसांनी खिदिरच्या बोटांनाही आठवेना की आपण खालून वाजवतोय.

रौदा दारात उभी राहून बघत होती. "काय हो, सलवाचे बाबा, एका म्हाताऱ्याला फसवायला केवढी ही कारागिरी!"

"फसवत नाहीये. सांभाळतोय."

"सांभाळायचं तर सांगा ना त्यांना. म्हणावं, उस्ताद, वय झालं, जरा खालून गा. ते काय तुम्हाला खातील?"

"गाणं सोडून देईल तो. ओळखतो मी त्याला."

"आणि नाही सांगितलं तर काय, मरेपर्यंत तारा जाड करत बसणार? शेवटी काय, तारेच्या जागी दोरखंड लावाल?"

खिदिर जल्लाबियावरची भुकटी झटकायला लागला. बाबिकिर गाणं सोडेल, ही भीती खरी होती. पण तो थांबला असता तर खिदिरच्याही संध्याकाळी थांबल्या असत्या, मग उरली असती ती नुसती कचेरी. हे दुसरं कारण त्याने तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. पुढे पुष्कळ उशिरा सांगितलं, तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता.

अशी वर्षं गेली. तिसरी पट्टीही उतरली, काळी एक झाली. बाबिकिरच्या वयाचे गायक एकेक करून थांबत होते. कोणी हजला जाऊन आला आणि गाणं सोडलं, कोणाचा गळाच गेला. बाबिकिर मात्र सणसणीत गात होता. लोक म्हणायचे, काय देणगी आहे! तोही म्हणायचा, अल्लाहची कृपा, माझा गळा आहे तिथेच आहे. हे म्हणताना त्याच्या तोंडावर जो निरागस आनंद असायचा, तो बघून खिदिरला रोज नव्याने सांगणं अवघड व्हायचं. पहिल्या वर्षी एक वाक्य पुरलं असतं. आता त्या वाक्यामागे इतक्या वर्षांची कबुली उभी राहिली होती.

आणि मग राजधानीतून बोलावणं आलं.

खार्तूमच्या एका मोठ्या नाट्यगृहात जुन्या गाण्यांची संध्याकाळ होती. गावोगावच्या नावाजलेल्या गायकांनी आपापलं एकच गाणं गायचं, मागे तिथलाच वीस-बावीस जणांचा ताफा. बाबिकिरने होडीचं गाणं गायचं. आपले वादक न्यायचे नव्हते. बाबिकिर बोलावणं घेऊन थेट खिदिरच्या अंगणात आला, खाटेवर बसला आणि लहान मुलासारखा पाय हलवत म्हणाला, "तू यायचंस. वाजवायला नाही रे, नुसतं बाजूला उभं राहायला. तू दिसला नाहीस तर मी बघू कोणाकडे?"

हसबूला कळलं तेव्हा त्याने खिदिरला बाजारात गाठलं. एरवी हसबूच्या तोंडी सदान्‌कदा थट्टा, पण त्या दिवशी नव्हती.

"ते लोक पांढरी तीनवरून वाजवणार. तुला कळतंय ना काय होणार ते?"

"कळतंय."

"सांग त्याला. नाहीतर मी सांगतो."

"नको. मीच सांगतो. बसमध्ये सांगतो."

बसमध्ये बाबिकिर खिडकीशी बसला होता. मांडीवर नवी जल्लाबिया आणि पागोट्याचं कापड, इस्त्री मोडू नये म्हणून उघडंच धरलेलं. भुईमुगाच्या शेंगा सोलून तो अर्ध्या स्वतः खात होता, अर्ध्या खिदिरच्या हातात देत होता. दोन्ही बाजूंना कापसाची शेतं मागे पळत होती. खिदिरने दोनदा घसा साफ केला.

"उस्ताद, एक बोलायचं होतं."

"बोल की."

"तारांबद्दल."

"अरे देवा! प्रवासातसुद्धा तारा?" बाबिकिर मोठ्याने हसला. पुढच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला, तशी त्याला बाबिकिरने सांगितलं, "हा माणूस आहे ना, याच्या तारेवर मी तीस वर्षं उभा आहे. एकदाही खाली पडू दिलं नाही याने मला."

त्या माणसाने खिदिरला आदराने सलाम केला. खिदिरने सलाम घेतला आणि शेंगा सोलायला लागला.

वाटेत बसचं चाक पंक्चर झालं, पोचायला दुपार टळली. तालीम जवळजवळ संपत आली होती. तसाही बाबिकिर तालमीत कधी मोकळा गळा लावायचा नाही, संध्याकाळसाठी राखून ठेवायचा. ताफ्याने गाण्याची सुरुवात वाजवली, तो खुर्चीत बसून ओठातल्या ओठात गुणगुणला, हाताने ठेका धरला आणि म्हणाला, "छान. अगदी छान." खिदिर मागे भिंतीला टेकून उभा होता. तिथल्या बासवाल्या तरुणाने जाड तार मोकळी छेडली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. पांढरी तीन. इतक्या वर्षांत त्याने ती या गाण्याखाली ऐकली नव्हती.

ताफ्याचे प्रमुख मामून नावाचे गृहस्थ होते, चष्मेवाले, सावकाश बोलणारे. खिदिर त्यांच्याकडे गेला.

"हे गाणं कुठल्या पट्टीत बसवलंय आपण?"

"जुन्या ध्वनिमुद्रणात आहे तीच. का?"

"थोडी उतरवता आली असती तर... तीनेक पट्ट्या..."

मामूननी चष्मा वर केला. "उतरवू की. पोरं तयार आहेत आमची, पाच मिनिटांचं काम. पण उस्ताद बाबिकिर स्वतः म्हणाले पाहिजेत. तुम्ही कोण त्यांचे?"

"मी त्यांच्या मागे वाजवतो."

"मग जा, विचारून या. मी थांबतो इथे."

पाच मिनिटांचं काम. इतकी वर्षं जे डोंगराएवढं वाटत होतं ते या अनोळखी माणसाने पाच मिनिटांचं करून टाकलं होतं. खिदिर आतल्या खोलीत गेला. बाबिकिर आरशासमोर पागोटं बांधत होता, बाजूला चहाचा पेला वाफाळत होता. बाहेर लोक जमल्याचा आवाज येत होता. आरशातूनच त्याने विचारलं, "काय म्हणतोय तो चष्मेवाला?"

खिदिरने तोंड उघडलं. पागोट्याचा शेवटचा वेढा बसवताना बाबिकिर आरशात स्वतःकडेच बघून हसत होता.

"काही नाही," खिदिर म्हणाला. "विचारत होता, चहाला साखर बरोबर आहे का."

"सांग त्याला, फर्मास आहे."

खिदिर बाहेर आला. मामूननी भुवया उंचावल्या. खिदिरने मान हलवली, आहे तशीच राहू द्या. आजही तो झोपायला पडला की त्याला सगळ्यात आधी ही हललेली मान आठवते, मग बाकीचं.

बाबिकिर मंचावर आला तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याने सवयीने डोळे मिटले आणि मान बासच्या दिशेला कलती केली. त्या तरुणाने तार छेडली. पडद्याआड उभ्या खिदिरला दिसलं, बाबिकिरच्या कपाळावर बारीकशी आठी पडली, ओळखीच्या घरात शिरताना उंबरा वेगळा लागावा तशी. पण सूर मिळाला होता, त्याने घेतला. पहिल्या ओळी निभावल्या. माणूस कसलेला होता. गळ्याच्या शिरा मात्र फुगल्या, आणि मान जी एरवी डोलायची ती ताठ झाली. मग चढण आली. दोघंतिघं पुरुष चुटक्या वाजवायला हात उंचावून मंचाकडे निघालेही होते.

आवाज अर्ध्यावर चढला आणि फाटला. त्याने पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली.

लोक हसले असते तर बरं झालं असतं. आमचे लोक हसत नाहीत. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ती ओळ उचलली, मग दुसऱ्या रांगेने, मग सगळ्या नाट्यगृहाने. हजार माणसांनी त्याच्या हातातून त्याचं गाणं अलगद काढून घेतलं आणि त्याच्यासाठी म्हटलं. बायका लू-लू करत होत्या. चुटक्या वाजवायला आलेले पुरुष त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. बाबिकिर छातीवर हात ठेवून वाकत होता, हसत होता, आणि खिदिरला शोधत होता. खिदिर पडद्याच्या आणखी मागे सरला.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाबिकिर खिडकीकडे तोंड करून बसला. वाटेत हसाहैसा गावी बस चहासाठी थांबली. चहावालीच्या बुटक्या स्टुलांवर दोघं समोरासमोर बसले. तिने विचारलं, साखर किती? बाबिकिर म्हणाला, "याला विचार, याला सगळं माहीत असतं." मग पेला हातात आल्यावर तो खाली बघत बोलायला लागला.

"काल त्या पोराने तार छेडली तेव्हा मला वाटलं, याची चुकीची लागलीय. तीस वर्षं तुझ्यावरून सूर घेतला, एकदा चुकला नाही. म्हटलं, याचंच चुकलंय. रात्रभर पडून विचार केला. एक पोरगा चुकेल, अख्खा ताफा कसा चुकेल?"

खिदिर चहा ढवळत राहिला.

"किती?"

"तीन पट्ट्या."

"तीन." बाबिकिरने पेला जमिनीवर ठेवला. "कधीपासून?"

"तुम्हाला ती सर्दी झाली होती. धान्यवाल्याच्या घरचं लग्न."

"हसबूला माहीत होतं?"

"हो."

"व्हायोलिनवाल्यांना?"

"हो."

"रौदाला?"

खिदिरने मान खाली घातली.

"म्हणजे मला सोडून सगळ्या मदनीला." त्याने पागोटं डोक्यावरून काढून मांडीवर ठेवलं. "अरे, मला सांगायचं होतंस. मी स्वतःच म्हटलं असतं, पोरांनो, म्हातारा झालो, चला खाली या. लोक हसले असते, मी पण हसलो असतो आणि पुढे गायलो असतो. गळा उतरतोच रे. माझ्या बापाचा उतरला, सगळ्यांचा उतरतो. लाज कसली त्यात?"

"मला वाटलं, तुम्ही गाणं सोडून द्याल."

"तुला वाटलं. मला विचारलंस?"

बसवाल्याने भोंगा वाजवला. बाबिकिर उठला, चहावालीचे पैसे त्यानेच दिले, खिदिरला देऊ दिले नाहीत, आणि बसमध्ये आपल्या जागेवर जाऊन खिडकीशी बसला. खिदिरसाठी बाजूची जागा मोकळी ठेवली. भांडला असता तर ते खिदिरला सोसलं असतं.

त्यानंतर बाबिकिर कुठल्याही लग्नात गायला नाही. लोक विचारायचे, तो म्हणायचा, पुष्कळ झालं. ताफ्याने एक तरुण गायक घेतला, उंच आवाजाचा, त्याला सगळं चढ्या पट्टीतच लागायचं. खिदिरने पुन्हा एकशेपाचची तार आणली. रुंद खाचेत ती नीट बसेना, छेडली की सरकायची. नवा हाडाचा तुकडा बसवणं काही फार अवघड नव्हतं. पण त्याने ते केलं नाही. दोन-तीन महिने त्याने कशीबशी साथ केली, मग ती जागा आपल्याच एका चेल्याला देऊन टाकली. बाकीचे म्हणाले, खिदिरची बोटं थकली. आमच्याकडे अशी सोयीची कारणं आम्ही एकमेकांना भरभरून देतो.

दोघांची मैत्री तुटली नाही, हे बाहेरच्याला नवल वाटेल. दर जुम्म्याला नमाज झाली की खिदिर बाबिकिरकडे जातो. बाबिकिरची बायको नफीसा बी आत कॉफी भाजते, आलं कुटून त्यात घालते, बाहेर लिंबाच्या सावलीत दोघं खाटांवर बसतात. पिकापाण्याच्या गोष्टी होतात, मेलेल्या माणसांच्या होतात. गाण्याची गोष्ट निघत नाही.

गेल्या थंडीत एकदा मात्र निघाली. म्हणजे कोणी काढली नाही, आपोआप निघाली. बाबिकिर सुपारीएवढा खजूर तोंडात घोळवत गुणगुणत होता. गुणगुणता गुणगुणता बी थुंकून त्याने डोळे मिटले आणि होडीचं गाणं मोकळ्या गळ्याने सुरू केलं. समोर ना बास होता ना कुठली तार. त्याने स्वतःचा सूर स्वतःच घेतला, काळी एकच्याही खालचा, जिथे त्याचा आवाज आता राहत होता तिथला. चढण आली. तो घाई न करता चढला, वर जाऊन थांबला, आणि थांबूनच राहिला. तरुणपणी त्या जागी नुसता जोर असायचा. आता तिथे असं काही होतं की खिदिरला आपल्या थोरल्या भावाची मयत आठवली, सलवाचा जन्म आठवला, आणि डोळ्यांतून पाणी कधी आलं ते कळलं नाही. गाणं संपलं. शेजारच्या छपरावर कबुतरं फडफडत होती.

"उस्ताद," खिदिर म्हणाला, "असं तुम्ही कधीच गायला नव्हता. कुठल्याच लग्नात नाही. रेडिओवर नाही."

हे खरं होतं. आयुष्यात तो बाबिकिरशी इतकं खरं कधी बोलला नव्हता.

बाबिकिरने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, आजारी मुलाने औषध प्यायलं असं सांगावं आणि आईने विश्वास न ठेवता नुसतं ऐकून घ्यावं, तसं काहीतरी होतं. त्याने कॉफीचा पेला खिदिरपुढे सरकवला.

"घे, गार होतेय."

"शपथेवर सांगतो."

"हो रे हो." मग त्याने घराकडे मान वळवून हाक मारली, "नफीसा! कसं झालं गं?"

"शेवटाला दम कमी पडला," ती आतून ओरडली.

दम कमी पडला नव्हता. खिदिरला ते माहीत होतं, तीस वर्षं त्या दमाच्या मापाने त्याने बोटं चालवली होती. तो तसं सांगणारही होता. पण बाबिकिर केव्हाच समाधानाने मान डोलावत होता, "हं, बरोबर आहे, पडला थोडा," असं स्वतःशी म्हणत होता. त्याने एक दीर्घ श्वास घेतला आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, तोंड दाराकडे करून.